दिंडीची वही, घरची वही

पत्र, थोडक्यात. नाव-गाव अर्थातच वगळलं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एक वाचक लिहितात: "माझं वय ३९, मिस्टर ४४ वर्षांचे. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मी घरी शिवणकाम करते. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ ची. सासरे आमच्याजवळ असतात. घराचं कर्ज अजून ९ लाख बाकी आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. मिस्टर माळकरी, व्यसन कसलंच नाही, तंबाखू सोडून. आमच्या दिंडीचा हिशेब ११ वर्षं तेच बघतात. त्यांचं अक्षर वाईट, म्हणून दिंडीची वही मी लिहून देते. माणूस सोन्यासारखा आहे. पण विमा, वारस, मुलांचं पुढचं, असं काहीही काढलं की म्हणतात, 'पांडुरंग बघून घेईल. ठेविले अनंते तैसेचि राहावे.' जास्त बोलले तर, 'तुझा देवावर विश्वासच नाही.' २०२० साली थोरल्या दिरांनी विमा काढला आणि दहा महिन्यांत, २०२१ च्या मे महिन्यात, ते कोविडने गेले. जाऊबाईंना विम्याचे पैसे मिळाले, त्यावर पुतण्याचा डिप्लोमा झाला. पण तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघाला की हे उठून जातात. शिल्लक सगळी गावच्या पतसंस्थेत आहे, साडेसहा लाख. चेअरमन माळकरी आहेत, ते बुडवणार नाहीत, असं यांचं म्हणणं. मी दीड वर्षापासून पोस्टात चोरून आर. डी. भरते, पासबुक तांदळाच्या डब्यात असतं. आता एक एजंट म्हणतो, मिस्टरांचा फोन पाच मिनिटं द्या, ओटीपीवर पॉलिसी करून देतो, त्यांना कळणारही नाही. करू का? आणि खरं सांगा, माझीच श्रद्धा कमी पडते का? रात्री तीनला जाग येते आणि मी आकडेमोड करत पडून राहते."

ताई,

एजंटाचं आधी उरकते, कारण तो घाईत असणार. नको. ओटीपीनं फॉर्म पुढे सरकेल, पण त्या फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न असतात आणि ज्याचा विमा त्यानंच त्यांची खरी उत्तरं द्यायची असतात. तंबाखूचा प्रश्न त्यात असतोच. तुमच्या मिस्टरांच्या वतीनं हा गृहस्थ तिथे 'नाही' लिहून मोकळा होईल, आणि पहिल्या तीन वर्षांत काही झालं तर अशी लपवलेली माहिती दाखवून कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे हप्ते भरायचे तुम्ही, कमिशन त्याचं, आणि तीन वाजताच्या आकडेमोडीत आणखी एका चोरीची भर. शिवाय ज्या दिवशी हे उघड होईल त्या दिवशी मिस्टर विम्याबद्दल बोलणार नाहीत, फोन कुणी घेतला याबद्दल बोलतील. आणि ते चूकही नसतील.

आता श्रद्धेचं. तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेला आहात, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. दिंडीची वही तुम्ही लिहिता.

त्या वहीत काय असतं ते तुम्ही मला सांगितलेलं नाही, पण दिंडीच्या वह्या मी पाहिल्या आहेत. कुणाची भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, आली, कुणाची राहिली. ट्रकवाल्याला किती आगाऊ दिले. पाण्याचा टँकर, गॅसच्या टाक्या, राहुट्यांच्या खुंट्या, जुलाबाच्या गोळ्या, पायाला लावायचं मलम. 'ताडपत्री २ नवीन घेणे, गेल्या वर्षीची फाटली' अशी एखादी ओळ. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला हलते, पण तुमच्या घरी ही वही उन्हाळ्यातच निघत असेल. वारीत रोज पहाटे माणसं चालू लागतात आणि सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामाला जातो, म्हणून संध्याकाळी पोचल्यावर राहुटी उभी सापडते. कुठल्या दिंडीनं कुठे चालायचं हे ठरलेलं. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की हजारो माणसं गप्प होतात आणि काय हरवलं, काय सापडलं ते पुकारलं जातं. एवढ्या मोठ्या समुदायाला पांडुरंगापर्यंत नेणारी ही व्यवस्था कुणीतरी बसून, डोकं लावून, वर्षानुवर्षं सुधारत आणलेली आहे. त्यातला एका दिंडीपुरता वाटा ११ वर्षं तुमचे मिस्टर उचलताहेत. ताडपत्री घेतली म्हणून त्यांची भक्ती उणी झाली, असं त्यांना कधी वाटलं असेल का?

तेव्हा 'देवावर विश्वास' आणि 'पुढची तजवीज' यांचं भांडण आहे हे गृहीतकच मला मान्य नाही. तुमच्या मिस्टरांनाही ते मान्य नसावं. ज्येष्ठात तर नक्कीच नसतं. असं भांडण फक्त घरच्या वहीपाशी सुरू होतं. का, ते बघू.

तुकोबांचा दाखला ते देतात, तर तुकोबांचंच बोलू. देहूची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. घरात महाजनकी, दुकान, सावकारी. दुष्काळात सगळं होत्याचं नव्हतं झालं आणि पुढे तुकोबांनी लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात गोष्ट बहुतेक इथेच संपते. पण परंपरेनं सांगितलेल्या कथेत आणखी एक बारीक तपशील आहे. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला माझा संसार आहे. तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. निम्मी खतं कान्होबाला दिली आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाटणीची.

ठेविल्या जागी समाधानानं राहण्याचा अधिकार माणसाला स्वतःच्या वाट्यापुरता असतो, असा मी याचा अर्थ लावते. त्या अभंगाचा पुढचा शब्दसुद्धा चित्ताबद्दलच आहे: 'चित्ती असू द्यावे समाधान'. कर्जाचा हप्ता, मुलीची फी, सासऱ्यांचं औषध हे एकट्याच्या चित्ताचे विषय नव्हेत. ते कान्होबाच्या वाट्यातले.

कुणी म्हणेल, मग तुकोबांच्या बायकोच्या, जिजाईच्या वाट्याचं काय? बरोबर आहे. तिला कुणी विचारलं नाही. तुकोबा गेले तेव्हा नारायण तिच्या पोटात होता असं सांगतात. आपण तिला कजाग म्हणून रंगवत आलो, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. रोज पीठ कुठून आणायचं हा प्रश्न जिला पडतो ती कजाग, अन् ज्याला पडत नाही तो विरक्त? तुमच्या पत्रात मला जिजाईचाच आवाज ऐकू आला, म्हणून लिहिते: तीनला जाग येणं ही श्रद्धेतली तूट नाही. घरातल्या दोघांनी मिळून करायची काळजी तुम्ही एकट्या करताय, म्हणून जाग येते.

आता मिस्टरांकडे जरा मायेनं बघू या. दिरांनी विमा काढला आणि दहा महिन्यांत गेले. आपल्याकडे याचं वाक्य लगेच तयार होतं, 'विमा काढला आणि गेला.' बाराव्यालाच कुणीतरी ते म्हणालं असेल. थोरला भाऊ गेलेल्या माणसाच्या मनात ते वाक्य रुतलं तर नवल नाही. मला वाटतं, विषय निघाला की ते उठतात ते त्या दहा महिन्यांमुळे. तोंडात पांडुरंगाचं नाव असतं, पण पोटात भीती यमाची असते. माळकरी माणसानं 'मला भीती वाटते' म्हणणं अवघड, 'देव बघेल' म्हणणं सोपं. मी चुकत असेन. पण बरोबर असेन, तर तुम्ही इतके दिवस त्यांच्या श्रद्धेशी वाद घालत होता आणि भीती बाजूला बसून ऐकत होती.

आणि त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तुम्ही लिहिलाय: पैसे आले, पुतण्याचा डिप्लोमा झाला. घरात हा अर्धा भाग कुणी मोठ्यानं बोललंय का?

गंमत बघा. एलआयसीच्या चिन्हाखाली 'योगक्षेमं वहाम्यहम्' असं छापलेलं असतं. गीतेच्या नवव्या अध्यायातलं भगवंताचं वचन. मला ते जरा आगाऊपणाचंच वाटत आलंय, कारण कुठलीही कंपनी कुणाचा योगक्षेम वाहत नाही. ती ठरलेली रक्कम देते, बस. जाऊबाईंना रक्कम कंपनीनं दिली. त्यानंतरच्या रात्री त्यांनी कशाच्या बळावर काढल्या ते त्यांना विचारा, त्या विम्याचं नाव घेणार नाहीत. विमा घेतल्यानं विठ्ठलाचं काम काही कमी होत नाही, हे मिस्टरांना जाऊबाईंइतकं नीट कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून बोलणी तुम्ही सुरू करू नका, त्यांना करू द्या. एखाद्या एकादशीला फराळाला बोलवा. संतवचनं मारून फेकू नका (वर मी फेकली, पण मी त्यांची बायको नाही). 'तुम्ही गेलात तर' हे शब्द तर नकोच.

दुसरं, सुरुवात स्वतःपासून करा. म्हणा, 'आधी माझा विमा काढू.' तुमच्या शिवणाचे पैसे घरात येतात. तुम्ही नसलात तर ते थांबतील, वर सासऱ्यांचं आणि मुलांचं करायला माणूस ठेवावं लागेल. तुमच्या जिवाची किंमत या घरानं कधी मांडलेली नसेल, ती मांडली जाऊ दे. शिवाय तुमचा विमा निघाला, अकरावा महिना उजाडला आणि तुम्ही मशीनवर बसून फॉल लावताय हे त्यांनी बघितलं की त्या दहा महिन्यांचं भूत जरा मऊ पडेल.

पहिलं पाऊल छोटं ठेवा. बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यावरून दोन सरकारी योजना घेता येतात. जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचा २० रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. वैद्यकीय तपासणी नाही. जीवन ज्योतीत वयाच्या पन्नाशीपर्यंतच शिरता येतं, तेव्हा मिस्टरांना अजून वेळ आहे. पहिल्यांदा नाव घातल्यावर सुरुवातीचे ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचा दावा बसतो. वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून मे महिन्यात खातं रिकामं ठेवू नका. दोघांचे मिळून वर्षाला ९१२ रुपये. एका बऱ्या ताडपत्रीचे पैसे.

यानं ९ लाखांचं कर्ज फिटत नाही हे उघड आहे. खरी गरज मुदतीच्या विम्याची, ज्याला सगळे टर्म म्हणतात. हिशेब अगदी ढोबळ करा. घरखर्च महिना २५ हजार धरला तर वर्षाचे ३ लाख. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहायला अजून बारा-तेरा वर्षं, म्हणजे ३६ ते ३९ लाख, वर कर्जाचे ९. तेव्हा ५० लाखांचा विमा हा हव्यास नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही उरलेला नाही. 'जगलो तर पैसे बुडाले' असं ते म्हणतील, सगळेच म्हणतात. पाऊस पडला नाही म्हणून ताडपत्रीचे पैसे दुकानदाराकडे परत मागता का, एवढंच विचारा. तंबाखूचं खरं लिहायचं. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. कदाचित तंबाखूच कमी होईल.

यात एक गोष्ट फार कमी एजंट सांगतात. वर्कशॉप म्हटलं की पत्र्याच्या, अँगलच्या व्यापाऱ्याची उधारी आलीच. नवऱ्यानं स्वतःच्या विम्याचा फॉर्म भरतानाच 'विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४' खाली पॉलिसी घेतली तर ती रक्कम बायको-मुलांसाठी राखली जाते, देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून जोडता येत नाही. धंदा करणाऱ्या प्रत्येक घरानं हे टिपून ठेवावं.

पतसंस्थेबद्दल मात्र मी मऊपणे लिहिणार नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. घरची सगळी शिल्लक अशा एकाच ठिकाणी, आणि भरवसा कशाचा, तर चेअरमनच्या गळ्यातल्या माळेचा! चेअरमन सज्जन असतीलही. पण कर्ज थकवणारे शंभर जण सज्जन आहेत का, हे चेअरमनलाही ठाऊक नसतं. देवावर विश्वास ठेवणं वेगळं आणि देवाची माळ घातलेल्या माणसाच्या ताळेबंदावर ठेवणं वेगळं. ठेवींची मुदत संपेल तशी निम्म्याहून जास्त रक्कम बँकेत किंवा पोस्टात हलवा. एकदम काढून गावात चर्चेला विषय देऊ नका.

त्यांनी कशालाच होकार दिला नाही तर? तरीही काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. मुलगी नऊ वर्षांची आहे, दहा पूर्ण व्हायच्या आत तिचं सुकन्या समृद्धी खातं उघडा. आईला ते उघडता येतं आणि वर्षाला २५० रुपयांवरही चालू राहतं. शिधापत्रिका, आधार काढून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघून घ्या. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्याच रुग्णालयात आणि यादीतल्याच आजारांना, म्हणून जवळचं रुग्णालय कोणतं ते आत्ताच विचारून ठेवा. आणि प्रत्येक पासबुकावर वारस कोण आहे ते वाचा. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या एका खात्यावर वारस म्हणून आजीचं नाव निघालं. ती त्यांच्या चौदा वर्षं आधी गेली होती. रक्कम ४१ हजार, खेटे सात महिने. प्रत्येक खेपेला आई देवाला नाही, वडिलांना बोल लावायची.

अशी पत्रं मला वसईहून येतात, मिरजेहून येतात, देवाचं नाव बदलतं आणि वाक्य तेच असतं. उलटीही येतात. सगळे विमे काढलेले, कपाटात फायलींची चळत, आणि तरी झोप नाही. म्हणून तुम्हालाही सांगते, ५० लाखांची पॉलिसी आली तरी तीनची जाग लगेच जाणार नाही. ताडपत्री असूनही दिंडी भिजतेच. २०२० आणि २०२१ मध्ये तर वारीच निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. इतक्या वर्षांची घडी एका विषाणूनं मोडली तेव्हा वारकऱ्यांनी घरात बसून हरिपाठ म्हटला. माणसाच्या हातातलं संपतं तिथून पुढचा रस्ता पांडुरंगाचा, आणि त्या रस्त्यावर तुमचे मिस्टर तुमच्यापेक्षा मुरलेले आहेत. आकडेमोड दिवसा, वहीत, दोघांनी करा. रात्री तीनला जाग आली तर त्यांना विचारा, तुम्ही अशा वेळी काय म्हणता? त्या प्रश्नाला ते उठून जाणार नाहीत.

वहीवरून सुचलं. दिंडीची वही तुमच्याच हातची आहे, तर तशीच एक घरासाठी घ्या, दोनशे पानी. पहिल्या पानावर ते काढतात तसं 'श्री विठ्ठल प्रसन्न'. मग कर्ज कुठलं, हप्ता कोणत्या तारखेला, पतसंस्थेच्या पावत्यांचे नंबर, वर्कशॉपची येणी-देणी (ही बहुधा त्यांच्या डोक्यातच असतील, तोंडी सांगू द्या, तुम्ही लिहा), विम्याचे कागद कुठे आहेत. सासऱ्यांच्या नावच्या जमिनीचंही एक पान. त्यांना 'नियोजन करू' म्हणू नका. 'वही लिहायची आहे, बसा' म्हणा. या कामाला ते अकरा वर्षं तुमच्यासमोर बसताहेत.

आणि त्या आधी पोस्टाचं पासबुक तांदळाच्या डब्यातून बाहेर काढून त्यांच्या हातात द्या. ज्येष्ठात दिंडीचा शिधा मोजायला तो डबा तेच उघडतील.